मेकाँगच्या दोन काठांवर एक दिवस : चिआंग खोंग आणि हुआय साय

अलीकडच्या काठावर थायलंडचं चिआंग खोंग, पलीकडे लाओसचं हुआय साय. गावं इतकी समोरासमोर, की नदी ओलांडायला दहा मिनिटं पुरतील असं वाटतं. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. २०१३च्या डिसेंबरात मैत्री पूल सुरू झाल्यापासून गावातली होडी स्थानिक लोकांपुरतीच उरली आहे. परदेशी प्रवाशाला पुलावरूनच जावं लागतं, आणि तो चिआंग खोंगच्या दक्षिणेला साधारण १० किलोमीटरवर आहे.

लाओसमधल्या लुआंग प्राबांग शहराला दोन दिवसांत पोहोचवणारी संथ बोट हुआय सायहून सकाळी साडेअकराच्या सुमारास सुटते. थायलंडच्या चिआंग राय शहरातून त्याच सकाळी निघून ती गाठायचा बेत करू नका. बसला दोन-अडीच तास, मग पूल, व्हिसाची रांग, पुन्हा टुकटुक. एका ठिकाणी अडकलात तरी बोट गेली. आदल्या दिवशी या, दुपारपर्यंत चिआंग खोंग पाहा आणि मुक्काम हुआय सायला करा.

चिआंग खोंगमध्ये काठाकाठाने दक्षिणेला चालत गेलं की हात ख्राय लागतं. मेकाँगमधल्या राक्षसी मार्जारमाशासाठी, म्हणजे ‘प्ला बुक’साठी, हे कोळ्यांचं गाव प्रसिद्ध. २००५ साली थायलंडच्या या भागात २९३ किलोचा मासा जाळ्यात सापडला होता. आज ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. वाळूच्या पट्ट्यावर सॅक टेकवून लांब जाऊ नका. वरच्या अंगाला चीनमधली धरणं आहेत, त्यांच्या विसर्गानुसार पाणी पाऊस नसतानाही चढतं. धारेला ओढ फार आहे, त्यामुळे पोहायचं नाहीच.

दुपारी तीनच्या आत पुलावर पोहोचा. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी लाओसच्या बाजूला जादा शुल्क मागतात. आधी थायलंडचा निर्गमन शिक्का, मग पुलावरची बस (चालत जाऊ देत नाहीत), मग लाओसचा व्हिसा. त्यासाठी सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, एक फोटो आणि न फाटलेल्या, न लिहिलेल्या डॉलरच्या नोटा हव्यात. थायलंडचं चलन बाट घेतात, पण त्या दराने जास्त पैसे जातात. शिक्क्यावरची तारीख तिथेच वाचून घ्या. एकदाच प्रवेश देणारा थाई व्हिसा बाहेर पडताच संपतो, म्हणून ‘सहज पलीकडे जाऊन येऊ’ हा विचार महागात पडतो. थायलंडला परतणार असाल तर डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं.

पुलापासून हुआय साय गावही बरंच लांब आहे. टुकटुकचं भाडं बसण्याआधी ठरवा आणि ते माणशी की गाडीचं, हे स्पष्ट विचारा. सॅक खोलीत टाकून मुख्य रस्त्यावरून नागांच्या कठड्याचा जिना चढा : वर ‘वाट चोम खाओ मानिलात’ हे बौद्ध मंदिर आहे. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. सूर्य थायलंडच्या डोंगरांमागे मावळतो, म्हणून संध्याकाळ याच काठावर काढावी. मार्च-एप्रिलमध्ये मात्र शेतं-जंगलं जाळल्याच्या धुराने समोरचा काठही पुसट होतो.

रात्रीच बोटीची तयारी करा. दोन दिवस पुरेल इतकी रोकड किपमध्ये, म्हणजे लाओसच्या चलनात, काढा. लाओसबाहेर किप बदलून मिळणं कठीण, म्हणून बेतानेच. पाणी, फळं, भरलेले पाव आणि बसायला उशी घ्या. मोठी सॅक बोटीत फळ्यांखाली जाते आणि मुक्कामापर्यंत हाताशी येत नाही. पासपोर्ट, औषधं आणि जॅकेट छोट्या पिशवीत ठेवा. हिवाळ्यात सकाळी पाण्यावरचा वारा बोचतो. पहिला मुक्काम वाटेतल्या पाक बेंग गावाला असतो. ‘तिथे खोल्या संपल्यात, इथूनच पैसे भरा’ असं कुणी म्हटलं तर घाई करू नका. वेगवान बोट एका दिवसात पोहोचवते, पण कोरड्या दिवसांत खडक वर आलेले असतात आणि अपघात होतात, ती टाळाच.

तिकीट सकाळी थेट धक्क्यावर काढा. धक्का गावाच्या उत्तरेला आहे, चालत जाता येतं. नऊ-साडेनऊला पोहोचून पुढची जागा धरा. मागे इंजिन असतं, तिथे शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही.