पिन मागवण्याआधी कार्ट्रिज तपासा

रत्नागिरीहून मामीने तिचा सुटकेसवाला रेकॉर्ड प्लेअर पाठवला, तेव्हा मी आधी पिन मागवली. तीन आठवडे थांबलो, पिन बसवली, तरी आवाज नाहीच. दोष पिनेत नव्हता. कार्ट्रिज, म्हणजे पिन जिच्यात बसते ती आवाजाची वीज करणारी डबी, क्रिस्टलची होती. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक दमट हवेत निकामी होतो, आणि या बिचाऱ्याने कोकणातले कितीतरी पावसाळे काढले होते.

अशा मशीनला सिरॅमिक कार्ट्रिज घ्या. मॅग्नेटिक बसवायचा मोह होतो, पण त्यातून जेमतेम 4-5 मिलिव्होल्ट निघतात. जुन्या अँप्लिफायरला त्याच्या कितीतरी पट लागतात. फोनो प्रीअँप, म्हणजे हा बारीक सिग्नल वाढवणारी वेगळी डबी, नसेल तर गाणं कुजबुजल्यासारखं येईल.

मॅग्नेटिक कार्ट्रिज असेल तर हेडशेलमधल्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या तुकड्यातल्या) चार बारीक वायरी चिमट्याने अलगद काढा आणि मल्टीमीटर लावा. पांढरी-निळी जोडी डाव्या चॅनलची, लाल-हिरवी उजव्या चॅनलची. दोन्हीकडे साधारण सारखंच रीडिंग हवं, बहुतेक वेळा काहीशे ओहम. एका बाजूला काहीच दाखवत नसेल तर आतली कॉइल तुटलीय, मग नवी पिन घेऊन उपयोग नाही. (क्रिस्टल-सिरॅमिकला ही परीक्षा लागू नाही, ते चांगलं असलं तरी मीटर काही दाखवत नाही.)

कार्ट्रिजची बॉडी ठीक निघाली की मगच पिनेचा विचार. आणि तो आपल्याकडच्या रेकॉर्डी बघून करा. घरात आजोबांची 78 ची (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डींवरची) नाट्यगीतं असतील तर एलपीची पिन त्यांवर चालवू नका. तिचं टोक 0.7 मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास, 78 च्या खाचेला लागतं 3 मिल. बारीक टोक खाचेच्या तळाशी लोळतं आणि नुसती खरखर ऐकवतं. म्हणून मला ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम95 मालिका आवडते. बॉडी एकच, पिना बदलता येतात. एलपीला इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) पिन 2 ग्रॅम भारावर, 78 ची पिन सुमारे 5 ग्रॅमवर. पिन बदलली की वजनही बदलायचं, हे विसरू नका. मूव्हिंग कॉइल या मॅग्नेटिकच्याच दुसऱ्या प्रकारातल्या बहुतेक कार्ट्रिजची पिन मात्र घरी बदलता येत नाही.

शुअर या अमेरिकन कंपनीने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं. जुन्या शुअरसाठी जपानच्या जिको कंपनीच्या पिना मिळतात, थोडे जास्त पैसे गेले तरी त्याच घ्या. 'जुना ओरिजिनल स्टॉक, सीलबंद' म्हणून एका दुकानदाराने मला पिन दिली होती. खोकं कोरं करकरीत, पण आतलं रबर वयाने कडक झालेलं. रबर लवचीक नसेल तर हिरा कितीही चांगला असो, तो खाचेबरोबर हलतच नाही.

हातात आलेली पिन घड्याळजीच्या भिंगातून समोरून बघा. कॅंटिलिव्हर, म्हणजे टोक धरणारी ती काडी, सरळ हवी, आणि हिरा तिरका चिकटवलेला नको. पिनेचा प्लॅस्टिकचा भाग बॉडीत घट्ट बसला पाहिजे. डुलत असेल तर परत करा.

बसवल्यावर वजनकाट्याने भार मोजा आणि एलपीच्या बाजूचं शेवटचं गाणं लावा, आतल्या खाचा सगळ्यात अवघड. तिथे 'स' आणि 'श' फाटले नाहीत तर पिन जमली.