ऐन मीटिंगमध्ये हॉटस्पॉट दगा का देतो? या चुका टाळा

घरचं नेट गेलं. फोनचा हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप जोडला, तरी पान काही उघडेना. अशा वेळी आधी फोनच्या पडद्यावर वर बघा, वाय-फायची खूण दिसतेय का? राउटरचे दिवे लागलेले असतात, पण मागची लाइन मेलेली असते आणि फोन त्याच वाय-फायला चिकटून बसतो. काही अँड्रॉइड फोन तर हॉटस्पॉटवरून तेच मेलेलं वाय-फाय पुढे वाटतात. फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करा. लॅपटॉपही संधी मिळताच जुन्या राउटरकडे पळतो. तिथलं 'आपोआप जोडा' तेवढ्यापुरतं काढून टाका.

लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नसेल, तर तो बहुधा ५ गिगाहर्ट्झवर चालू आहे आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपला तो बँड, म्हणजे वाय-फायच्या लहरींचा तो पट्टा, कळत नाही. २.४ वर आणा. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये यासाठी 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचं बटण आहे.

सगळ्यात महाग चूक डेटाची. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे साधं वाय-फायच वाटतं, म्हणून तो निवांतपणे अपडेट उतरवतो, फोटो क्लाउडवर चढवतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा जपून वापरायची जोडणी) करा, मॅकवर 'लो डेटा मोड' लावा. ही खूण त्या-त्या जोडणीपुरती असते. हॉटस्पॉटचं नाव बदललंत की पुन्हा लावावी लागते. केबलने जोडलंत तर ती वेगळीच जोडणी, तिथेही लावा. एवढं करूनही सगळं थांबत नाही. क्लाउडची ॲप्स हाताने 'पॉज' केलेली बरी. व्हिडिओचा हिशोब सोपा आहे: कॉल २.५ एमबीपीएस खात असेल तर तासाला साधारण १.१ जीबी गेले. कॅमेरा बंद करून नुसतं बोललात तर त्याचा अगदी छोटा हिस्सा लागतो.

दुसरी चूक म्हणजे सिग्नलच्या काड्यांवर विश्वास. काड्या टॉवरचा जोर सांगतात, गर्दी सांगत नाहीत. परिसरातल्या सगळ्यांचं नेट एकदम गेलं की सगळेच हॉटस्पॉटवर येतात, आणि काड्या पूर्ण असूनही आवाज तुटतो. स्पीड टेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघा. मीटिंगमध्ये तुमचा आवाज पलीकडे पोचतो तो त्याच्यावर.

फोन खिडकीपाशी ठेवा आणि शक्य असेल तर यूएसबी टेदरिंग वापरा, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला द्या. वाय-फायची कटकट संपते, फोन चार्जही होत राहतो. पर्याय निवडताच येत नसेल तर केबल तपासा. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. (यात मी एकदा अर्धा तास घालवलाय, सेटिंग्ज उलट्यापालट्या करत.) फोन जाड कव्हरमध्ये किंवा उन्हात ठेवू नका, तापला की तो स्वतःच मंदावतो.

मीटिंगच्या मध्येच फोन आला आणि नेट तुटलं? सिमवर व्होल्टी (४जी नेटवर्कवरूनच कॉल करायची सोय) बंद असेल तर कॉल येताच डेटा थांबू शकतो. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल घेतला तरी तेच होतं. फोन सायलेंटवर टाकून उपयोग नाही. घंटा वाजली नाही तरी कॉल येतोच. सेटिंगमध्ये व्होल्टी चालू करा, दुसरं सिम तेवढ्यापुरतं बंद ठेवा.

ब्रॉडबँड आणि सिम एकाच कंपनीचं असेल तर दोन्ही एकदम बसण्याची शक्यता राहते. आणि नेट जाण्याचं कारण दरवेळी वीजच असेल, तर हॉटस्पॉटपेक्षा राउटरला छोटा यूपीएस लावणं कितीतरी सोयीचं.

ऑफिसचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) मात्र आधीच तपासून ठेवा. एखाद्या निवांत संध्याकाळी राउटर बंद करून अर्धा तास फक्त हॉटस्पॉटवर काम करून बघा. व्हीपीएन जोडलं जातंय पण पानं अर्धवट उघडून अडकतायत, असं दिसलं तर बरेचदा एमटीयूचा, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, घोळ असतो. आयटीवाल्यांना नेमकं हेच सांगा, म्हणजे ते आकडा कमी करून देतील.