‘स्टार फॉक्स असॉल्ट’ खेळताय? मग या चुका टाळा

गेमक्यूब या गेमिंग मशीनसाठी नामकोने बनवलेला आणि निन्टेन्डोने २००५ साली आणलेला हा गेम अजूनही नवे खेळाडू मिळवतोय, याचा मला मनापासून आनंद आहे. त्रास होतो तो त्याच त्याच चुका बघून. ‘पायी मोहिमा बोअर आहेत, फक्त विमान उडवायला मजा येते’ असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या मोहिमा नीट खेळलेल्याच नसतात. एकूण दहा मोहिमा आहेत. काहींमध्ये पूर्ण वेळ आर्विंग, म्हणजे आपलं लढाऊ विमान. बाकीच्यांत कधी पायी, कधी लँडमास्टर रणगाड्यातून लढायचं. खरी गोची तिथेच होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे समोर येईल त्यावर गोळ्या झाडत बसणं. दुसऱ्या मोहिमेत, कटीना ग्रहावरच्या तळावर, अ‍ॅपरॉइड नावाचे किडे झुंडीने येतात. ते बाहेर पडतात हॅचरमधून. हॅचर शाबूत आहे तोवर किडे येतच राहणार. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातलाच हा प्रकार.

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आला होता. आठवीतला मुलगा, हात भलताच चपळ. त्याने रणगाडा मैदानाच्या मधोमध उभा केला आणि गोल फिरत तोफ चालवायला सुरुवात केली. नेम उत्तम, किडे पटापट फुटत होते. पण चिलखताची पट्टी हळूहळू उतरत होती आणि मोहीम तसूभरही पुढे सरकत नव्हती. “मामा, हे संपतच नाहीत, गेम बिघडलाय!” मी त्याला फक्त कोपऱ्यातलं रडार दाखवलं आणि विचारलं, यातली कुठली खूण मघापासून जागची हललेली नाही? त्याने रणगाडा तिकडे नेला, वाटेतले किडे चक्क सोडून दिले आणि हॅचर फोडला. त्या बाजूची झुंड लगेच आटली. पुढचा हॅचर जिथे होता तिथे रणगाडा शिरेना. तेव्हा पठ्ठ्या खाली उतरला, भिंतीच्या आडोशाला थांबून ब्लास्टर, म्हणजे हातातली बंदूक, चार्ज केला आणि मगच आत घुसला. त्या संध्याकाळी त्याने मोहीम पूर्ण केली.

माझी सवय सांगतो. मोहीम सुरू झाली की आधी थांबायचं, रडार बघायचं, कुठून सुरुवात करायची ते ठरवायचं आणि मगच हलायचं. किडे फक्त वाट अडवत असतील तेवढेच मारायचे. सॉरिया ग्रहावरही हाच नियम. घाई करणाऱ्यांना ही दोन क्षणांची उसंत जड जाते आणि मग तेच गेमला नावं ठेवतात.

दुसरी चूक गेम सुरू व्हायच्या आधीची आहे, पण तिने जास्त लोक रडवलेत. गेमक्यूबच्या डिस्क जुन्या वीवरही, म्हणजे निन्टेन्डोच्या त्यानंतरच्या मशीनवरही चालतात, म्हणून पुष्कळ जण सेकंडहँड वी घेतात. माझ्या एका मित्राने अशीच घेतली, रात्रभर बसून सॉरियापर्यंत पोचला आणि पहाटे मशीन बंद केलं. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून! वीच्या स्वतःच्या मेमरीत गेमक्यूबचे गेम सेव्ह होत नाहीत. त्यासाठी गेमक्यूबचं मेमरी कार्डच लागतं. कंट्रोलरही गेमक्यूबचाच हवा, वीचा रिमोट या गेममध्ये चालत नाही. घेताना वरची झाकणं उघडून कंट्रोलरची आणि कार्डांची खोबणी आहेत ना, हे डोळ्यांनी बघा. २०११ नंतरच्या आडव्या ठेवायच्या वीमधून ती काढून टाकली आहेत आणि वीनंतर आलेलं वी यू हे मशीन या डिस्क वाचतच नाही. डिस्क आणि मशीन एकाच प्रदेशाचे असू द्या. अमेरिकेतून कुणी मशीन पाठवलं, तर तिथला अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट खुपसू नका, जळेल.

किरकोळ वाटणाऱ्या चुका:

बटण दाबून धरलं की शॉट चार्ज होतो आणि शत्रूवर लॉक बसतो. तरी लोक नुसतं टकटक करत बसतात.

लेझर येताना दिसला की बॅरल रोल घ्या, म्हणजे विमान स्वतःभोवती गोल फिरवा, गोळ्या परततात. बॉम्ब शेवटच्या शत्रूसाठी राखून ठेवायची गरज नाही. घेरले गेलात की टाका.

साथीदार मदत मागतो तेव्हा हातातलं काम सोडून जा. फाल्को कितीही फटकळ बोलला तरी.

पायी चालण्याची कंट्रोल मांडणी सेटिंगमध्ये बदलता येते. दोन्ही स्टिक वापरणारी निवडा आणि एकदा निवडली की तीच ठेवा. दर मोहिमेला बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

नेटवरून सगळं उघडलेली सेव्ह फाइल आणणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. मल्टिप्लेअरमधल्या बऱ्याच गोष्टी पदकं मिळवून आणि लढती खेळून हळूहळू उघडतात. त्या ओढीनेच तर माणसं पुन्हा खेळायला बसतात.

मल्टिप्लेअरचं म्हणाल तर ऑनलाइन सोय नाही आणि कॉम्प्युटर प्रतिस्पर्धीही नाही. माणसं जमवा, जास्तीत जास्त चौघं. पहिल्याच लढतीत विमानं असलेला नकाशा घेऊ नका. सगळे आर्विंगकडे धावतात, ज्याला मिळत नाही तो खाली मार खात राहतो आणि कंट्रोलर ठेवून उठतो. आधी पायी लढती खेळवा. मग विमानं आली की खाली राहिलेल्याला होमिंग लाँचर, म्हणजे लक्ष्याचा आपोआप पाठलाग करणारं अस्त्र, शोधायला सांगा, वरच्याची मस्ती लगेच उतरते. कुणी स्नायपर घेऊन दडून बसला असेल, तर टीव्हीवरचा त्याचा चौकोन बघा. त्याला समोर काय दिसतंय त्यावरून तो कुठे आहे ते कळतं. याला काही जण चीटिंग म्हणतात, मी म्हणत नाही. एकच पडदा चौघांनी वाटून घेतलाय, तो चौघांनीही बघावा.