घरी केलेल्या नूडल्सचा गोळा होतो? हे करून बघा

चारपाच जणांसाठी नूडल्स करायला घेतल्या की कढईत हमखास लगदा होतो, कारण आपण सगळं एकदम टाकतो.

१. नूडल्स पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा १ मिनिट कमी उकडा, लगेच गार पाण्याखाली धरा, पूर्ण निथळू द्या आणि चमचाभर तेल चोळून ठेवा. सकाळी करून फ्रीजमध्ये ठेवल्या तर अजूनच सुट्या होतात.

२. ४ जणांसाठी ३ चमचे सोया सॉस, १ चमचा व्हिनेगर, १ चमचा साखर आणि थोडं पाणी आधीच वाटीत कालवून ठेवा, ऐनवेळी बाटल्या शोधत बसलं की खाली लसूण करपतो (माझा कितीदा करपलाय).

३. गॅस मोठा. आधी तेलात लसूण, त्यावर गाजर, बीन्स, मग कोबी, सिमला मिरची, फ्रीजमध्ये उरलंसुरलं जे असेल ते चालतं, अंडं किंवा चिकन असेल तर आधी वेगळं परतून बाजूला काढा. शेवटी नूडल्स आणि वाटीतला सॉस, २ मिनिटं बास.

तिखट न खाणाऱ्यांचं आधी काढून घ्या, मग चिली सॉस घाला.

फक्त मीठ चव बघूनच घाला, सोया सॉस आधीच खारट असतो.