उद्या मुलांशी घरीच खेळायचंय? मग आज रात्रीची ही तयारी

मुलांसोबत घरात काय खेळायचं याच्या कल्पना हव्या तेवढ्या मिळतात. अडतं ते दुसरीकडेच. रंग काढले की ब्रश सापडत नाही, ब्रश सापडेपर्यंत रंगाची बाटली सोफ्यावर उपडी झालेली असते आणि मग अर्धा तास आपल्या तोंडी "नको", "थांब", "हात लावू नकोस" एवढंच राहतं. म्हणून ही यादी खेळांची कमी आणि तयारीची जास्त आहे, साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरासाठी. यात काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे ठरवताना मी एकच बघते: हे आज करून ठेवलं तर उद्याचा एखादा "नको" वाचेल का?

सुरुवात जागेपासून करा. सगळं घर मोकळं करायची गरज नाही, एक कोपरा पुरतो. तिथे जुनी सुती चादर अंथरायला काढून ठेवा. प्लास्टिक ओलं झालं की पाय सटकतो आणि वर्तमानपत्र ओल्या हातांना चिकटून फाटतं, त्यामुळे चादरच बरी. शिवाय चादरीला कडा असतात. "रंग चादरीवरच" हे अडीच वर्षांच्या मुलाला कळतं, "पसारा करू नकोस" हे कळत नाही. मग एकदा त्या कोपऱ्यात स्वतः गुडघ्यांवर बसा आणि आजूबाजूला बघा. चार्जरची लोंबणारी वायर, टेबलक्लॉथची खाली आलेली कड, खालच्या खणातली औषधं हे सगळं उभ्याने दिसत नाही, बसल्यावर लगेच दिसतं. जे दिसेल ते आत्ताच उचला.

पुढचं काम जरा कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. खेळायला काढलेल्या वस्तूंचा आकार तपासा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळीत घेतात. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असं धरतात. घरी टॉयलेट पेपरची रिकामी नळी घ्या. ती थोडी मोठी असते, म्हणजे आपली तपासणी थोडी जास्तच कडक होते, आणि ते चांगलंच. मणी, बटणं, बाटल्यांची लहान झाकणं नळीतून आरपार गेली की बाजूला ठेवा. नाण्यासारखे चपटे बटण-सेल आणि छोटी ताकदवान चुंबकं मात्र मूल कितीही समजूतदार असलं तरी घरात हाती लागता कामा नयेत. अन्ननलिकेत अडकलेला बटण-सेल दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. मुलाने तो गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी दिसायला फार सुंदर असतात, पण ते पोटात गेले तर तिथेही फुगतात. तेही यादीतून बाद.

आता ट्रे. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये 'बालगृह' नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत साहित्य बुटक्या, उघड्या मांडणीवर ठेवतात आणि एका कामाला लागणारं सगळं सामान एकत्र असतं, म्हणजे मूल ते स्वतः उचलून आणतं आणि स्वतः परत ठेवतं. घरी यातलं एवढं जरी घेतलं तरी खूप झालं: एक खेळ, एक ताट. त्या ताटात त्या खेळाचं सगळं, ओलं फडकंसुद्धा. रात्री अशी दोन किंवा तीन ताटं लावा, जास्त नकोत. सकाळी एकच समोर ठेवा आणि बाकीची उंचावर. दहा खेळणी एकदम समोर आली की मूल एकातही रमत नाही.

पहिलं ताट माझ्या मते पिठाच्या गोळ्याचंच असावं. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल आणि पाऊण वाटीच्या आसपास कोमट पाणी. पाणी एकदम ओतू नका, थोडं थोडं घाला. रंग पिठात नव्हे, त्या पाण्यात आधी कालवा, म्हणजे मळताना डाग कमी पडतात आणि रंग सगळीकडे सारखा लागतो. गोळा हाताला चिकटला तर चमचाभर मैदा, भेगा पडल्या तर पाण्याचा हात. मीठ एवढं असल्यामुळे तो लवकर खराब होत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये बरेच दिवस मऊ राहतो. मात्र हेच मीठ पोटात जास्त गेलं तर त्रास होतो, म्हणून सगळं तोंडात घालायच्या वयातल्या मुलासाठी हा खेळ थोडा थांबवा. घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्यापासूनही लांब ठेवा, त्याला हा गोळा विषारी ठरू शकतो. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घ्या. ते जरा भुसभुशीत होतं, पण चालतं.

या ताटात साचे भरू नका. साचा दिला की मूल दाबतं, चांदणी निघते, पुन्हा दाबतं, पुन्हा चांदणीच. त्यापेक्षा काटा-चमचा, कंगवा, जुनी किल्ली, खडबडीत झाकण असं काहीतरी द्या. कंगव्याचे दात गोळ्यात रुतवून हळूच बाहेर काढले की भोकांची सरळ रांग उमटते. ती बघून मूल क्षणभर थांबतं, कंगव्याकडे बघतं, परत गोळ्याकडे बघतं आणि मग कंगवा आडवा धरून ओढतं. हे आपण शिकवायचं नसतं. आपण शेजारी बसून आपला गोळा मळत राहायचा.

दुसरं ताट पाण्याचं. ते ताटात मावत नाही, उथळ टब घ्या. दोन भांडी, एक नरसाळं, गाळणी, स्पंज, पळी, झालं. टबाखाली जाड टॉवेल, दाराजवळ पायपुसणं आणि कोरडे कपडे हाताशी. पाणी कोमट, तळापासून चार बोटांपेक्षा जास्त नको. एक नियम मात्र पक्का ठेवा: पाण्याचा खेळ चालू असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावरून हलणार नाही. फोन वाजला तरी नाही, बेल वाजली तरी नाही. लहान मूल जेमतेम ५ सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं आणि ते बहुतेक वेळा आवाज न होता घडतं. उठावंच लागलं तर मुलाला उचलून सोबत घ्या. खेळ संपला की टब लगेच रिकामा करून उपडा ठेवा, "नंतर ओततो" असं नको.

कॉर्नफ्लॉवर घरात असेल तर दोन वाट्यांना एक वाटी पाणी घालून कालवा. ही जादू मोठ्यांनाही आवडते. मूठ आवळली की दगडासारखं घट्ट, मूठ सैल सोडली की बोटांमधून ओघळतं. जोर लावला की घट्ट होणारा हा द्रव आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला "दाब, आता सोड" एवढं स्पष्टीकरण पुरतं. आवरताना तो बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो. वाळू द्या आणि कचऱ्यात टाका. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस फार वेळ टिकत नाही, त्यामुळे सोडा ताटभर पसरून व्हिनेगर ड्रॉपरने थेंब थेंब टाकायला द्या, खेळ लांबतो. यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणून हे मिश्रण बंद बाटलीत कधीच करायचं नाही. व्हिनेगर डोळ्यात गेलं तर झोंबतं, वाटीत थोडंसंच ठेवा.

बसून खेळायचं ठीक, पण मुलांना दमायलाही हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून १८० मिनिटं तरी हालचाल व्हावी आणि त्यातली ६० मिनिटं धाप लागेल अशी. घरात यासाठी मास्किंग टेपची एक गुंडाळी बस्स. रात्रीच फरशीवर एक वाकडीतिकडी रेघ, उड्या मारायला चार चौकोन आणि शेवटी एक मोठा गोल चिकटवून ठेवा. मुलाला सकाळी ते स्वतःच सापडू द्या. टेप त्याच दिवशी काढा, राहिली की चिकटा उरतो. फुगा उडवायचा मोह होतो, पण न फुगवलेला किंवा फुटलेला रबरी फुगा आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात बसायचा धोका असतो. त्याऐवजी मोज्यांचे गोळे करा. टोपलीत फेकता येतात, लागत नाहीत, कुठे हरवले तरी हरकत नाही.

आपली तयारी राहिलीच. डाग पडले तरी चालतील असे कपडे आपणही घाला, नाहीतर सगळा वेळ बाह्या सांभाळण्यात जातो. मूल भुकेलं किंवा पेंगुळलेलं असेल ती वेळ टाळा. मांडायला आपल्याला वीस मिनिटं लागली आणि मूल सहा मिनिटांत उठून गेलं, असंही होणार. त्याला परत बोलावू नका. ताट तिथेच राहू द्या, पुष्कळदा ते फिरून येतं. घरात धाकटं भावंडं रांगत असेल तर मोठ्याचं ताट टेबलावर आणि धाकट्यासाठी खाली एक टोपली: लाकडी चमचा, कापडाचे तुकडे, मोठी झाकणं.

आवरण्याचं सामानही खेळाच्याच ताटात हवं: एक छोटी बादली, मुलाच्या हातात मावेल असा स्पंज आणि ओल्या चित्रांसाठी दोरी, चार चिमटे. मुलाला "आवर" म्हणू नका, "झाकणं या डब्यात" असं एकच काम सांगा. उरलेलं आपण करायचं. आणि आजपासून रिकामी खोकी, पुठ्ठ्याच्या नळ्या, मोठी झाकणं फेकू नका, एका पिशवीत टाकत चला. पुढच्या वेळी तिसरं ताट त्याच पिशवीतून लागेल.