जुन्या श्रीलिपी-पेजमेकर फायलींतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना

दिवाळी अंकांचा हंगाम जवळ आला की अप्पा बळवंत चौकापासून सदाशिव पेठेपर्यंतच्या डीटीपीवाल्यांकडे एक ठरलेलं काम येतं. जुना अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातले चार लेख वेबसाइटवर टाकायचेत किंवा पुस्तकात घ्यायचेत. गिऱ्हाइकाला वाटतं, कॉपी-पेस्टचं तर काम आहे. पेस्ट केलं की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटते.

फाइल बिघडलेली नसते, तिच्यात मराठी मुळात नसतंच. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी, कृतिदेव या सगळ्या जुन्या फॉन्टांत जेमतेम २५६ घरं. इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवलेले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचीही. सीडॅकच्या (आयएसएम बनवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) फॉन्टांत डीव्ही-टीटी योगेश आणि डीव्हीबी-टीटी योगेश दिसायला जुळे भाऊ, पण पहिल्याचा मजकूर दुसऱ्याच्या कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे जुना मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घातलात तर कचरा बाहेर येतो. म्हणून पहिलं काम म्हणजे फॉन्टचं नाव अक्षर न् अक्षर लिहून घेणं. ‘श्रीलिपीचा आहे’ एवढ्यावर भागत नाही, नावातला आकडाही लागतो.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ सालची. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत, कळत नाही. पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइन सीएस६ या आवृत्तीपर्यंत पेजमेकर ६ आणि पुढच्या फायली उघडत असे, त्यानंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. जुना संगणक चालू असेल तर भंगारात देऊ नका. त्यावरच पेजमेकर उघडा, एकेका स्टोरीत (सलग जोडलेल्या मजकुरात) कर्सर ठेवून एक्स्पोर्ट करा आणि प्रकार आरटीएफ निवडा. साधी टेक्स्ट फाइल नको. आरटीएफमध्ये कुठला तुकडा कुठल्या फॉन्टात आहे ही नोंद टिकते आणि पुढे सगळी मदार तिच्यावरच असते. लेखात मध्येच एरियलमध्ये एखादं इंग्रजी नाव असेल, तर फॉन्ट न पाहणारा कन्व्हर्टर त्याचंही ‘मराठी’ करून टाकतो. चौकटीत मजकूर पेस्ट करून बटण दाबायची जी फुकट वेबपानं असतात, ती नेमकी हेच करतात. दोन परिच्छेदांसाठी ठीक आहेत, अख्ख्या अंकासाठी नाहीत. फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरसोबत आले त्यातलाच कन्व्हर्टर हाताशी असेल तर तो आधी वापरून पाहा.

आरटीएफ वर्डमध्ये उघडण्याआधी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करा. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करणं आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करणं, हे दोन्ही इथे घातक. तुमच्या लेखी ते अवतरणचिन्ह असेल, जुन्या फॉन्टात त्या घरात एखादं अर्धं अक्षर बसलेलं असतं. १७३ क्रमांकाचं घर तर खास त्रासाचं. वर्ड आणि ब्राउझर त्याला ऐच्छिक हायफन समजून लपवतात, आणि त्या घरातलं अक्षर लेखभर गुपचूप गळतं.

आता कन्व्हर्टरची परीक्षा. सगळा लेख घालण्याआधी जुन्या फायलीतून अवघड शब्द वेचून घ्या: विद्यार्थिनी, वऱ्हाड, आचाऱ्यांना, क्लृप्ती, ऑक्टोबर, पार्श्वभूमी. ‘विद्यार्थिनी’ का, ते बघा. जुन्या फॉन्टात ठसे (अक्षरांचे तुकडे) डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने असतात, म्हणजे वेलांटी आधी, मग थ, मग त्यावरचा रफार. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो: र्, मग थ, मग वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरला एक ठसा मागे न्यायचा असतो आणि एक पुढे. काही फॉन्टांत वेलांटी आणि रफार यांचा जोडठसाही असतो, तो हमखास विसरला जातो.

‘आचाऱ्यांना’ची गोष्ट वेगळी. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले कन्व्हर्टर ऱ्य आणि ऱ्ह यांचा सरळ रफार करतात, आणि स्वयंपाक करणारे आचारी गुरुकुलातले आचार्य होऊन बसतात. शब्द दोन्ही खरे, त्यामुळे स्पेलचेक गप्प राहतो. रूपांतर झाल्यावर फक्त र्य आणि र्ह शोधा आणि प्रत्येक जागा मूळ छापील पानाशी ताडून पाहा. याला पळवाट नाही. दुरुस्त करताना ऱ (यू+०९३१), हलन्त आणि पुढचं अक्षर असा क्रम वापरा. वर्डमध्ये हा क्रमांक इंग्रजी अंकांत टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबलं की अक्षर येतं. साधा र आणि हलन्त यांच्यानंतर अदृश्य जोडचिन्ह घालूनही तेच रूप दिसतं, पण काही वेबफॉर्म ते चिन्ह काढून टाकतात आणि रफार परत येतो.

पुढची दुरुस्ती नोटपॅड++ या साध्या मजकूर-संपादकात, मजकुराची प्रत यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायचा प्रकार) मध्ये ठेवून. क्रम महत्त्वाचा. आधी काना + एक मात्रा यांचा ‘ो’ करा, काना + दोन मात्रांचा ‘ौ’. मग अ + ो चा ओ, अ + ौ चा औ, अ + ॉ चा ऑ, ए + े चा ऐ, अ + ॅ चा ॲ. सगळ्यात शेवटी अ + काना यांचा आ. हे उलटं केलंत तर ‘ओळख’मधल्या ओचे ‘आ’ आणि सुटी मात्रा असे दोन तुकडे पडतात. पडद्यावर बरेचदा काहीच चुकीचं दिसत नाही, पण शोधायला गेलं की शब्द सापडत नाही.

मग शिल्लक घाण शोधायची. जागा सोडून लगेच आलेली मात्रा, अनुस्वारानंतर आलेली मात्रा, एकाच अक्षरावर दोन वेलांट्या, मराठी शब्दात अडकलेलं इंग्रजी अक्षर. मुद्रितशोधकाला प्रत द्या ती यानंतर. अनुभवी डोळा अर्थ वाचतो, असल्या चुका त्याला दिसत नाहीत.

पानं लावताना इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कम्पोझर हा पर्याय लावा, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं फुटतात. इलस्ट्रेटरमध्ये प्राधान्यांत टाइप विभागात इंडिक पर्याय सुरू करावे लागतात. फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श आहे, विंडोजच्या मंगलमध्ये हिंदी वळणाचे आहेत. टिरो देवनागरी मराठी किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा घेतलात तर हा प्रश्नच येत नाही. इतर फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी अशी लावून पाहा. फॉन्टात मराठी रूपं असतील तर ती येतात.

फ्लेक्सवाल्याकडे जुना कोरल (फलक-चित्रं करायचं सॉफ्टवेअर) असेल, तर अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांच्या रेषाकृती करूनच, फाइल द्या. वेबसाइटवाल्याला मात्र पीडीएफ देऊ नका. तिच्यातून मराठी कॉपी केलं की वेलांट्या परत उड्या मारतात. त्याला दुरुस्त केलेली वर्ड फाइलच पाठवा.