एनबीए खेळाडूंच्या मार्केटिंगमध्ये यायचंय? मग आधी स्कोअरशीट बाजूला ठेवा

स्पोर्ट्स मार्केटिंगमध्ये येऊ बघणारी कोल्हापूरची पोरं-पोरी अधूनमधून मेसेज करतात, आणि बऱ्याच जणांना एनबीएचंच, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचंच, काम पाहिजे असतंय. ड्राफ्ट (टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम), बुटांचे करार, जर्सी हे तुम्हाला माहिती असणारच. मी एकच गोष्ट सांगणार, कारण माझी सुरुवातीची सगळी मेहनत तिच्यातच पाण्यात गेली. जास्त जिंकतो तो जास्त विकला जातो असं अजिबात धरून चालू नका.

टिम डंकन बघा. 1999 ते 2014 मध्ये सॅन अँटोनियोच्या टीमसाठी पाच टायटल, बोर्डला लावून शांतपणे बास्केट करणार आणि मुकाट मागं पळणार. आता ॲलन आयव्हरसन घ्या, टायटल एकही नाही, तरी पोरं वेडी झालेली त्याच्यासाठी. उंची जेमतेम सहा फूट, म्हणजे आपल्या गल्लीतल्या उंच पोराएवढी, आणि हा त्या धिप्पाड माणसांच्यात घुसायचा, आपटायचा, परत उठायचा. 2001 च्या फायनलच्या पहिल्या मॅचला त्यानं टायरन लूसमोर शॉट घातला, लू खाली पडला आणि हा त्याच्यावरनं पाय टाकून पुढं गेला. त्या मॅचमध्ये त्याचे 48 पॉइंट होते हे लोकांना शोधावं लागतं, तो टाकलेला पाय मात्र सगळ्यांना आठवतो. आणि ती हातावरची स्लीव्ह! त्याचं कोपर सुजलं होतं म्हणून त्यानं घातली, नंतर कोपर ठणठणीत असलेली पोरंपण घालायला लागली.

म्हणजे काय, तर चाहत्याला त्या खेळाडूचं काहीतरी स्वतःच्या अंगावर घेता आलं पाहिजे. स्टीफ करीनं 2015-16 च्या सीझनमध्ये 402 थ्री, म्हणजे लांबनं मारलेले तीन पॉइंटचे बास्केट, मारले, पण खरी गंमत पुढंच आहे, सात फूट उंची कुणाला आणता येत नाही पण लांबनं बॉल फेकून बघायला कुणाची ना नसते. तुम्ही पॉइंट-रिबाउंडचे चकचकीत पोस्टर करत बसाल, ते लाइक होतील आणि विसरले जातील. मी असले ढीगभर केलेत, म्हणून जीव तोडून सांगतोय.

'आपला माणूस' हे दुसरं मोठं कारण. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला पेठेच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडलेल्याला हे समजवायला नको. चीनच्या याओ मिंगला 2003 च्या ऑल-स्टारसाठी (निवडक स्टार खेळाडूंची मॅच) चाहत्यांनी शाकील ओनीलपेक्षा जास्त मतं दिली, त्या वर्षी मतदान चिनी भाषेतपण होतं. पण नुसत्या आपलेपणावर गाडी लांब जात नाही. आपला सतनाम सिंग 2015 ला डॅलसच्या टीमनं ड्राफ्टमध्ये 52 व्या नंबरला घेतला, किती आनंद झाला होता, पण एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. माणूस कोर्टवर दिसलाच नाही तर लोकांनी धरून ठेवायचं काय?

फॉलोअर विकत घ्यायचे सल्ले देणाऱ्यांपासून लांब राहा, स्पष्ट सांगतो. आणि जो गुरू फक्त हायलाइट्सवर बोलतो त्याच्याकडून प्रेझेंटेशन शिका, खेळाडू ओळखायला नको. करी 2013 मध्ये बुटांसाठी नायकी सोडून अंडर आर्मर या दुसऱ्या कंपनीकडं गेला, त्याच्या वडिलांनी नंतर सांगितलं की नायकीच्या मीटिंगमध्ये पोराचं नाव चुकीचं म्हटलं गेलं आणि एका स्लाइडवर चक्क ड्युरँट या दुसऱ्याच खेळाडूचं नाव राहिलं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीत असं होतं, तर आपण नाव दोनदा तपासलंच पाहिजे.

घाबरू नका पण. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतंय, सकाळी लवकर उठून मॅच पूर्ण बघायची तयारी पाहिजे, आपल्याकडं त्या पहाटे नाहीतर सकाळीच असतात. सुरुवातीला शहरातल्याच एखाद्या कॉलेज टीमच्या खेळाडूचं पेज करून बघा, त्याची आणि घरच्यांची परवानगी घेऊन. या कामाचे पैसे बहुतेक मिळणार नाहीत, हे तुमच्या घरी आधीच सांगून टाका.